पाहणे आणि पाळत

पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, की आमच्या मुंबईच्या उपनगरातल्या बागेत माझी सकाळची फेरी सुरू होते. फजरची नमाज झाली की चहा घ्यायचा, गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि बागेच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. तिथे झाडूवाल्याचा हात सहसा पोचत नाही. पाला कुजतो, किडे होतात, म्हणून पाखरेही तिथेच येतात. झाडून लख्ख केलेल्या हिरवळीवर कावळे नि साळुंक्या, बस्स.

या दिवसांत उत्तरेकडचे पाहुणे उतरलेले असतात. करडा धोबी शेपटी हलवत डबक्याकाठी फिरतो, हळद्या शीळ घालतो. माझा जीव मात्र अडकतो हिरवट वटवट्यात. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखरेएवढे. हिमालयातून किंवा त्याही पलीकडून इतकासा जीव इथवर येतो. आला की दोन-चार झाडांचा तुकडा आपला मानतो, हिवाळाभर तो राखतो, दुसऱ्या वटवट्याला तिथे थारा देत नाही. रंग पानासारखाच, त्यामुळे आधी आवाज ऐकू येतो; पाखरू दिसेल तेव्हा खरे.

मागच्या वर्षी त्याच कोपऱ्यात फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. "काय बघताय?"

"पक्षी."

त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिले, मग दुर्बिणीच्या रोखाने पलीकडच्या इमारतीकडे. "रोज?"

थोड्या वेळाने रखवालदार आला. नाव विचारले. नाव ऐकल्यावर पिशवीही उघडायला लावली. निघाले काय, तर सलीम अलींचे पुस्तक, पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा. "ड्यूटी आहे चाचा," म्हणत बिचारा ओशाळला. त्याचा राग आला नाही. त्या गृहस्थांचा आला. का, ते आपल्या वाचकांना फोडून सांगायला नको.

घरी येऊन मी तावातावाने बोलत होतो. तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खाजगीत डोकावत फिरणे, कुरआनने मना केलेले. आणि हे लोक! बायको तवा उतरवत म्हणाली, "आणि तुम्ही? पाखरांनी परवानगी दिली होती का?" मी ते हसण्यावारी नेले.

आठवड्याने बागेत एक तरुण भेटला. त्याने मोबाइलवर वटवट्याचा आवाज लावला. क्षणात पाखरू बाहेर आले, हाताच्या अंतरावर. इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. ते फांदीफांदीवर चिडून फिरत होते, नसलेला शत्रू शोधत होते. तरुण फोन खिशात टाकू लागला. तेव्हा "आणखी एकदा लावा" म्हणणारा मीच होतो.

त्या कोपऱ्यात मला विचारले गेले होते, तू इथे कोण? तोच सवाल मी वटवट्याला त्याच्याच बोलीत विचारला, तोही करमणुकीसाठी.

सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली आणि त्यातून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोचले. १९८५च्या आत्मचरित्राचे नावही त्या चिमणीवरून आहे. संशोधनासाठी त्यांनी पुढेही पक्षी मारले आणि ते लपवले नाही. म्हणून मारणारा तेवढा दोषी आणि बघणारा निर्दोष, असा सोपा हिशेब मला मांडता येत नाही. मारणाऱ्याला निदान कारण द्यावे लागते. आमच्याकडे कारण कोण मागतो?

कुणी म्हणेल, दोन मिनिटांत पाखराचे काय बिघडले? मांजर नि इमारतींच्या काचा त्याचे कितीतरी अधिक नुकसान करतात. कबूल. तरी ती दोन मिनिटे त्याच्या किडे वेचण्याच्या वेळातली होती, आणि माझी नियत मला ठाऊक आहे.

आता फोन लावणाऱ्याला मी थांबवतो. कधी तो ऐकतो, कधी नाही. ते गृहस्थ अजून फिरायला येतात. ते दिसले की मी दुर्बीण इमारतीच्या बाजूला वळवत नाही. वटवट्या मात्र यंदा नेमका त्याच बाजूच्या झाडावर मुक्कामाला आहे.