कच्चे ध्वनिमुद्रण आणि भक्ती

जागेवर केलेल्या, न सुधारलेल्या ध्वनिमुद्रणात भक्ती उतरते का, हा प्रश्न पवनीसारख्या वैनगंगाकाठच्या गावांतील खंजिरी भजनाबाबत उभा राहतो. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) हे भजन विदर्भात गावोगावी नेले. कच्च्या मुद्रणात माइक कर्कश वाजतो, खंजिरीच्या चकत्या शब्दांवर चढतात. उपदेशच ऐकू आला नाही तर नुकसान मोठे. पण चढती लय, गायकाची धाप आणि मागून सूर धरणारी मंडळी स्टुडिओतल्या स्वच्छ मुद्रणात सापडत नाहीत. स्लेयर या थ्रॅश मेटल बँडच्या 1991 च्या ‘डिकेड ऑफ अ‍ॅग्रेशन’ या लाइव्ह अल्बमची ओढही याच जातीची. भजनात मात्र श्रोताही गातो. मुद्रण त्याला गप्प बसवते. भक्तीच्या दृष्टीने उणीव ती, खरखर नव्हे.