दार लावण्याआधी



आपल्या परिवारातल्या बऱ्याच घरांत आता कुत्रा आहे. सगळेच सत्संगाला किंवा लग्नाला निघाले की प्रश्न येतो: त्याला पिंजऱ्यात, म्हणजे क्रेटमध्ये, ठेवून जावं का? कुणी म्हणतं, मुक्या जिवाला कोंडणं पाप. कुणी म्हणतं, मोकळा सोडला तर वायर चावेल, भलतंच गिळेल. दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणून आपण वेगळं विचारूया: हे दार त्याच्या रक्षणासाठी लागतंय, की फक्त आपल्या सोयीसाठी?

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आपण मुलांना सांगतो. आपलं काय गेलं हे त्यांनी पाहिलं नाही, त्याला काय हवं ते पाहिलं. पिंजऱ्याच्या बाबतीतही तेच पाहायचं.

आधी काही दिवस दार उघडं ठेवून आतच खायला द्यावं. तो आपणहून जाऊन बसू लागला की थोडा थोडा वेळ दार लावावं. शिक्षा म्हणून कधीच आत घालू नये. त्याला उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं १९६० च्या कायद्यानेही क्रूरता ठरतं. निघण्याआधी फिरवून आणावं, पाणी ठेवावं, गळ्यातला पट्टा काढावा. तो जाळीत अडकून फास बसू शकतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, म्हणून मे महिन्यात गच्चीत किंवा कोंदट खोलीत पिंजरा ठेवणं जिवावर बेतू शकतं. मोठ्या कुत्र्याला चार तास पुष्कळ झाले, लहान पिल्लाला त्याहून फार कमी. जो आत घाबरून दात-नखं रक्ताळेपर्यंत जाळी ओढतो, त्याच्यासाठी हा उपायच नाही; त्याच्याजवळ माणूस हवं आणि पशुवैद्यांचा सल्ला घ्यायला हवा.

आपण परत केव्हा येणार हे त्याला कळत नाही, आणि कडी त्याला काढता येत नाही. कडी आपल्या हातात, म्हणून जबाबदारीही आपलीच. कधी एवढं सगळं जमत नसेल, तर घरातल्या एकाने मागे थांबावं. त्याची त्या दिवशीची सेवा चुकली असं कुणी समजू नये. ती घरीच घडली.