काजव्यांच्या लग्नात बिनबोलावता

गैरसोय फुकट मिळते तोवर माणूस तिला नावं ठेवतो. तिचे पैसे पडू लागले की तिला निसर्ग म्हणतो. हा सिद्धान्त माझा नव्हे, आमच्या अण्णांचा. भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाणार असं घरात जाहीर केलं, तेव्हा अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "झोपायचे पैसे? अन् ते आपण द्यायचे? अरे, सुगीत महिना महिना आम्ही खळ्यावर झोपलो. कोणी आठ आणे दिले नाहीत हे खरं, पण मागितलेही नाहीत!"

तरी आम्ही निघालो. मे संपत आला होता. छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशीत आणि मीही चाळिशीत. दोघांचंही डोकं तापलेलं. गाडीत सौ., चिरंजीव, कन्या आणि एवढे धपाटे, की वाटेत दुष्काळ पडला असता तरी आमचं कुटुंब तगलं असतं.

कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली. इथेच प्रवरा तिला मिळते. पुढे नेवासा, संगमनेर, अकोले असं जावं तशी ही प्रवरा आपल्याशी लपंडाव खेळत सोबत करते. नेवाशाला तिच्याच काठी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि वर भंडारदऱ्याला इंग्रजांनी तिलाच अडवून १९२६ साली विल्सन धरण पुरं केलं. पावसाळ्यात ते भरून सांडलं की पाणी निळवंडे ओलांडून, गोदावरीतून आमच्या जायकवाडीत येतं. म्हणजे ज्या तळ्याकाठी तंबू ठोकून आम्ही फोटो काढणार, त्याचंच देणं आम्ही घरी पेल्यातून पितो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आम्ही पर्यटक नव्हतो, कर्जदार होतो. आणि कर्जदार सहकुटुंब, हसतमुखाने येतो तेव्हा तो हप्ता भरायला आलेला नसतो, कर्ज वाढवून मागायला आलेला असतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

दिवसभर डोंगर पाहून झाले. १६४६ मीटरचं कळसूबाई चढायचं की नाही यावर सविस्तर चर्चा झाली आणि ते खालूनच जास्त भव्य दिसतं यावर एकमत झालं. खरं आकर्षण रात्रीचं होतं. पावसाच्या तोंडावर इथल्या हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे जमतात. अख्खं झाड लुकलुकतं, विझतं, पुन्हा लुकलुकतं. बडबड्या चिरंजीवांची वाचा बसली, यावरून काय ते ओळखा.

तंबूवाल्या पोराने सांगितलं, "साहेब, हे सगळं बायकोसाठी चाललंय." नर उडता उडता खूण करतो, मादी पानावर बसून उत्तर देते, प्रत्येक जातीची खूण निराळी. म्हणजे झाडावर चालला होता तो साक्षात कांदेपोह्यांचा कार्यक्रम! अळी म्हणून कितीतरी महिने मातीत काढायचे आणि पंख फुटल्यावर लग्नाला उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. आमच्याकडे मुली पाहण्यातच याहून जास्त काळ जातो.

एवढ्यात वळणावरून चार गाड्या आल्या. हेडलाइटचे झोत झाडावर पडले आणि झाड विझलं.

कन्येने अंधारात विचारलं, "बाबा, आपण आलोच नसतो तर यांचं जास्त बरं झालं असतं का?"

काउंटरवर असा प्रश्न आला असता तर मी 'साहेबांना विचारा' म्हणालो असतो. इथे साहेब मीच.

न जाणं हे सगळ्यात स्वस्त पुण्य आहे. पण ज्या मावशींनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली, त्यांच्या वाडीला भाताचं पीक वर्षातून एकदाच. काजव्यांचे हे दिवस हा त्यांचा दुसरा हंगाम. आम्ही घरी बसून पुण्य कमवायचं आणि त्याची किंमत मावशींनी मोजायची, हा व्यवहार काही सरळ नव्हे. शिवाय ज्या पोरीने काळोख पाहिलाच नाही, ती उद्या काळोखासाठी भांडणार कशी?

उलट बाजूही तेवढीच पक्की. कॉमर्सला पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. खुर्ची वापरली की तिची किंमत दरसाल थोडी कमी लिहायची. तंबूच्या बिलात जेवण होतं, गादी होती, पार्किंगही होतं. पायाखाली येणाऱ्या अळ्यांचा घसारा कुठेच नव्हता. आणि 'माझ्या एका गाडीने काय होतंय?' असं त्या चारही गाड्यांतली मंडळी म्हणत असणार. आमच्याकडे संध्याकाळी एका रुपयाने कॅश जुळली नाही तर घरी जाता येत नाही, मग जंगलातच एक म्हणजे शून्य कसा? वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाला वेळेचं बंधन घातलं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पण लग्नघरी बिनबोलावता गेलेल्या माणसाने निदान मागच्या खुर्चीवर बसावं की नाही? नवरीच्या तोंडावर बॅटरी मारायचा मान तर आमंत्रितालाही नसतो.

मला वाटतं, गोंधळ खात्याच्या प्रकाराचा आहे. संयुक्त खातं दोन तऱ्हेचं असतं. एक, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो'. दुसरं, 'दोघांनी मिळून'. जंगलाचं खातं आपण पहिल्या तऱ्हेचं धरून चालतो, आणि हयात राहणारे आपणच असू अशीही आपली खात्री असते. प्रत्यक्षात ते दुसऱ्या तऱ्हेचं आहे. दोघांच्या सह्या लागतात. बरं, काजव्याची सही ओळखणं काही कठीण नाही. तो लुकलुकतोय तोवर खुशाल पाहत बसावं. तो विझला की समजावं, सही जुळत नाही, चेक परत.