दिव्याची साक्ष

वाचक सज्जनहो, कीर्तनकाराने जुन्या मोटारीचे निरूपण का मांडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आम्ही गावोगाव जातो ते बहुधा यजमानाच्या गाडीतून. आणि आपल्यापैकी कितीतरी मंडळी वारीला अशाच जुन्या गाडीवर भरवसा टाकून निघतात. शिवाय गाडी सुरू होईनाशी झाली म्हणजे माणसाची बुद्धी कुठल्या वाटेने धावते, ते आम्ही आमच्याच ठिकाणी पाहिले. तेच सांगावयाचे आहे.

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. कोशाचे कापड विणणारांचे गाव. तेथे मार्गशीर्षात सप्ताहाची सेवा आमच्याकडे होती. यजमानांची गाडी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ह्या गाड्या होत. तो कारखाना ती गाडी करीनासा होऊन वीस वर्षांवर लोटली. मुंबईच्या टॅक्सींतूनही तिने २०२३ सालच्या ऑक्टोबरात निरोप घेतला. यजमानांची मात्र वडिलांच्या हातची, म्हणून सांभाळलेली.

पहाटे मोहाडीस जायचे होते. यजमानांच्या भाच्याने किल्ली फिरवली. स्टार्टरने 'घुर्र... घुर्र...' केले आणि थांबला. पुन्हा तेच. यजमान म्हणाले, "बॅटरी गेली. दोन महिन्यांत ही दुसरी!" आम्हांला आठवले, पोरगा रात्री उशिरा परतला होता. आम्ही लगेच बोललो, "दिवे चालू ठेवून निजलास, नाही का रे?"

तो म्हणाला, "नाही जी महाराज, म्या बंद केले होते."

"मग बॅटरी काय आपोआप उतरली?"

पोराने मान खाली घातली आणि चौघांबरोबर धक्का मारायला लागला. दुसरा गिअर टाकून क्लच सोडताच गाडी तत्काळ सुरू झाली. आमचा तर्क खरा ठरला, अशा समाधानात आम्ही बसलो.

गावाबाहेर एका मिस्त्रीची टिनाची शेड आहे. त्याने गाडी बंद करायला लावली. बॉनेट उघडण्याआधी त्याने पुढचे दिवे लावले. अजून अंधार होता. उजेड भिंतीवर पडला. मग किल्ली फिरवायला सांगितली. स्टार्टर कण्हला.

"महाराज, भिंतीवरचा उजेड कमी झाला का?"

"नाही."

"मंग बॅटरीले काऊन दोष देता?"

सज्जनहो, बॅटरी खरोखर उतरली असती, तर स्टार्टर ओढू लागताच दिवे मंदावले असते. दिवा भिंतीवर साक्ष देत होता. धक्का देताच इंजिन पेटले, ही दुसरी साक्ष; म्हणजे ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक. दोन्ही साक्षी आमच्यासमोर झाल्या, आणि आम्ही एकही ऐकली नव्हती.

मिस्त्रीने मग चोकच्या तारेला हात लावून पाहा म्हटले. तार कोमट लागली! इंजिन रबरावर बसवलेले असते. बॅटरीतून निघालेली वीज स्टार्टर फिरवून गाडीच्या लोखंडातून परत येते, आणि इंजिनापासून त्या लोखंडापर्यंत एक जाड विणलेली पट्टी असते. ती गंजली होती. पुढच्या दिव्यांना लागतो दहाएक अँपिअरचा प्रवाह, आणि त्यांची वाट ह्या पट्टीवरून जातच नाही. स्टार्टरला लागतो शंभरावर. एवढ्या प्रवाहाला राजरस्ता बंद, म्हणून तो चोकच्या बारीक तारेतून वाट काढीत होता. मिस्त्रीने एक जाड तार बॅटरीच्या काळ्या टोकापासून थेट इंजिनाला जोडली. स्टार्टर गर्रकन फिरला. तार काढली, पुन्हा कण्हला. ह्यालाच शास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. त्या गृहस्थाने शब्द ऐकलेही नसतील. पट्टी काढून पॉलिश कागदाने घासली, आवळून बसवली, काम झाले. दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र आधीच गेले होते.

आता आमचे काय चुकले? 'जेथे स्टार्टर मंद, तेथे बॅटरी उतरलेली', अशी व्याप्ती आम्ही धरली. पण स्टार्टर पट्टी गंजल्यानेही मंदावतो. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. बालपणी पाठशाळेत आम्ही हे घोकले. घोकलेले पहाटेच्या थंडीत उपयोगी पडले नाही.

जुनी गाडी बाळगणारांनी क्रम ध्यानात ठेवावा. स्टार्टर फिरतच नाही की मंद फिरतो, ते आधी पाहावे. दिवे मंदावले तर बॅटरी किंवा तिची टोके. दिवे लख्ख तर स्टार्टरची वाट. स्टार्टर जोरात फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर बॅटरीला हात लावू नये. तेथे ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही. प्लग काढून पाहावा: ओला असला तर पेट्रोल आले पण पेटले नाही, किंवा चोक फार ओढला, कोरडा असला तर पेट्रोलच पोचले नाही. ठिणगी पाहणे मिस्त्रीवर सोडावे, कारण पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी म्हणजे आग. वैशाखात गरम गाडी थांबून पुन्हा सुरू होईना, तर पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. गाडी सावलीत निवू द्यावी, पंपावर ओले फडके ठेवावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नाहीत. त्या वारंवार तपासाव्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आयुर्वेदात निदानासाठी माधवकराचे नाव आधी घेतात. औषध देणारे पुष्कळ, रोग ओळखणारा विरळा. घरातही असेच होते. सून गप्प आहे, मुलगा उशिरा येतो, की आपण बॅटरी बदलायला धावतो, नाही तर कोणावर तरी दोष ठेवून मोकळे होतो. भिंतीवरचा उजेड कोण पाहतो?

त्या रात्रीच्या कीर्तनात आम्ही त्या पोराला पुढे बोलावले आणि सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, लगबगीने टाळकऱ्यांत जाऊन उभा राहिला. गावाचे नाव आंधळगाव खरे, पण त्या पहाटे तेथे आंधळे कोणी होते, तर ते आम्ही.

असो. रामकृष्णहरि.