गाजर, मुळा आणि गूळभेंडी

अकिरा तोरियामा यांनी १९८४ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा सुरू केली. पुढे तिच्यात सायान ही लढवय्यांची जमात आली, ती भाजीच्या टोपलीतली नावे घेऊन. नायक गोकूचे जन्मनाव काकारॉट, म्हणजे गाजर. त्याचा थोरला भाऊ रॅडिट्झ, म्हणजे मुळा. राजपुत्र व्हेजिटाच्या नावात तर सगळी भाजीमंडईच आली. गोकूने मुलाला आपल्याला वाढवणाऱ्या आजोबांचे नाव दिले, गोहान. जपानीत गोहान म्हणजे शिजवलेला भात आणि जेवणही.

या नावांमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. प्रताप किंवा रणजित असे नाव घेऊन आलेल्या नायकाला मोठेपण आयते मिळते. गाजराला ते मिळत नाही. वाचक आधी हसतो. मग काकारॉट लढतो, हरतो, पुन्हा उठतो आणि त्याच नावाचा दरारा वाटू लागतो. तो दरारा सर्वस्वी त्याच्या कमाईचा असतो.

मराठी बालसाहित्यानेही साध्या नावांना मान दिला आहे. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ अंगणातली नावे घेऊन घराघरांत पोहोचले. स्वयंपाकघर आणि शेत मात्र मागे राहिले. साखरे, तुपे, दहिभाते, भोपळे अशी आडनावे असलेल्या मुलांना वर्गात चिडवले जाते. त्यांच्या नावाचा नायक त्यांना पुस्तकात क्वचितच भेटतो.

धाराशिव भागात तर अशी नावे शेतातच उभी आहेत. रब्बीची मालदांडी ज्वारी. हुरड्यासाठी गूळभेंडी आणि कुचकुची. मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, उभारून पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे, आंबील असा बेत असतो. या नावांत एक अख्खे कुटुंब दडले आहे. पावसाविना, जमिनीतल्या ओलीवर तग धरणारी मालदांडी ही थोरली बहीण. गूळभेंडी गोड बोलून काम काढून घेणारी. उंडा गोलमटोल आणि हट्टी. आंबील म्हणजे कुणाचाही राग थंड करणारी आजी.

ज्वारीचे वाण पाठ करायला लावले तर मुले परीक्षेनंतर विसरतील. गोष्टीतली भावंडे मात्र मुले विसरणार नाहीत. म्हणून इथल्या लेखक-चित्रकारांना माझी मनापासून विनंती आहे: मालदांडीला पहिल्याच पानावर उभी करा आणि तिच्यापुढे एक अवघड लढाई ठेवा.