तूट आणि नाश

वीज तारेतून जाताना वाटेत घटते. संदेशही घटतो. तंत्रज्ञ दोन्हींना तूटच म्हणतात, पण तुटले ते गेले कुठे, या प्रश्नाला दोन्हीकडे वेगवेगळे उत्तर मिळते. नाश म्हणजे काय, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद या फरकाच्या उजेडात अधिक स्पष्ट दिसतो.

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरला अक्षरपुरीश्वराचे शिवमंदिर आहे. अप्पर आणि संबंधर या दोन्ही तमिळ शैव संतांनी त्यावर पदे गायिली. देवळाच्या हिशेबाबद्दल राजाला संशय आला, तेव्हा हिशेब ठेवणाऱ्या सुधन्मन या भक्ताचे रूप घेऊन शिवाने स्वतः तो चोख मांडून दाखवला, अशी इथली कथा. अगस्त्य ऋषी याच ठिकाणी व्याकरण शिकले असेही मानतात, आणि लोक मुलांना विद्यारंभासाठी येथे आणतात. हिशेब आणि अक्षर, दोन्हींचा धनी इथे एकच देव; पण वीज हिशेबासारखी तुटते आणि संदेश अक्षरासारखा.

विजेची तूट हिशेबात बसते. तारेतली तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज दुप्पट दाबाने पाठवली की प्रवाह निम्मा आणि तूट चौथाई होते. म्हणून लांबच्या वाहिन्या चार-चार लाख व्होल्टवर चालतात. रोहित्रात तांब्याची वेटोळी तापतात. लोखंडी गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला 50 आवर्तनांनी उलटसुलट होते आणि त्यात भोवरा-प्रवाह फिरतात. ते रोखण्यासाठी गाभा अखंड न ओतता पातळ, एकमेकांपासून विलग पत्र्यांचा रचतात. गाव झोपले, दिवे मालवले, तरी गाभ्यातली ही तूट रात्रभर चालूच असते. टाकीच्या बाजूंना बसवलेल्या तेलाच्या नळ्या ही उष्णता हवेत सोडण्यासाठीच असतात. आकडा टाकून चोरलेली वीज तर नष्ट होतच नाही. फक्त तिचे बिल निघत नाही.

म्हणजे इथे सांख्यांचा सत्कार्यवाद लागू पडतो: कार्य कारणात आधीपासून असते आणि नाश म्हणजे त्याचे कारणात परतणे. 1840च्या दशकात जेम्स जूलने उष्णता मोजून हा ताळेबंद प्रयोगाने दाखवला. मात्र विखुरलेली उष्णता पुन्हा पूर्णपणे कामाला जुंपता येत नाही. बेरीज जुळते, उपयोग घटतो. ही मर्यादा सांख्याच्या उत्तराला जोडूनच वाचली पाहिजे.

संदेशाचे तसे नाही. उत्तम प्रकाशतंतूत दर किलोमीटरला सुमारे 0.2 डेसिबल घट होते. कुंभकोणमहून तंजावरपर्यंतच्या सुमारे 40 किलोमीटरांत ती 8 डेसिबल भरते आणि प्रकाशाचा साधारण सहावा हिस्सा उरतो. एवढी घट वर्धकाने भरून निघते. पण संदेश गोंगाटाखाली बुडाला की वर्धक गोंगाटही तितकाच मोठा करतो. ऊर्जेचा कण न् कण उष्णतेत सापडेल, पण पुसलेले अक्षर त्या उष्णतेवरून कोणी वाचू शकत नाही. येथे न्यायदर्शनाचा प्रध्वंसाभाव अधिक पटतो: नाशाने आलेल्या अभावाला आरंभ असतो, अंत नसतो. फुटलेला घडा पुन्हा घडवला तरी तो दुसराच घडा.

यावर उपाय एकच, तेच अधिक वाटांनी पाठवणे. वेदाच्या घनपाठात दोन शब्द सुलट, मग उलट, मग तीन शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात. एका ठिकाणी जीभ चुकली तर दुसऱ्या ठिकाणी ती पकडली जाते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्यामागेही हेच तत्त्व आहे. प्रतींमधल्या चुका वेगवेगळ्या जागी असतात, म्हणूनच प्रती एकमेकींशी ताडून त्या ओळखता येतात.

सर्व प्रतींत एकाच जागी खळगा असेल, तर मात्र ताडून पाहायला काही उरत नाही. अप्पर, संबंधर आदींच्या पदांचा संग्रह म्हणजे तेवारम; चिदंबरमच्या देवळात बंद असलेल्या त्याच्या ताडपत्रांपैकी बरीच वाळवीने खाल्लेली निघाली, असे परंपरा सांगते. इन्नंबूरची पदे त्यातून बचावली. संबंधरांचे तिरुविडैवाय येथील एक पद ग्रंथात नव्हते; ते विसाव्या शतकात तिथल्या देवळाच्या शिलालेखात मिळाले, कारण कोणीतरी ते दगडावरही कोरून ठेवले होते. ज्या पदांची अशी दुसरी नोंद कुठेच नाही, ती कोणत्याही विद्वत्तेने परत मिळवता येणार नाहीत.