शोधण्याचे काम कोणाचे?

एखाद्याने शेजाऱ्याकडून दाणे उसने घेतले, व ते परत करण्यापूर्वीच शेजारी गाव सोडून गेला, तर देणे फिटले असे आपण म्हणतो काय? "त्याने येऊन मागावे, म्हणजे देईन," असे म्हणणारा पुष्कळांस सज्जनच वाटेल. परंतु आपले काही येणे आहे हेच त्या शेजाऱ्यास ठाऊक नसेल तर? अमेरिकेतील एका गोष्टीवरून हा प्रश्न आमच्या मनात आला.

१९४५ पासून १९६२ पर्यंत अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बेटांवर व नेवाडाच्या वाळवंटात अणुबाँबचे पुष्कळ स्फोट उघड्यावर करून पाहिले. त्या कामी २,००,००० हून अधिक शिपाई, खलाशी व इतर लोक हजर होते. नेवाडात शिपायांस खंदकांत बसवीत, आणि स्फोट झाल्यावर काहींस त्याच जागेच्या दिशेने चालवीत नेत. हुकूम होता, त्यांनी पाळला. किरणोत्सर्ग डोळ्यांस दिसत नाही. तो मोजण्याचा फिल्मचा बिल्ला असे, पण तो प्रत्येकास मिळाला नाही. शिवाय, येथे पाहिलेले कोणास सांगू नये, असे त्यांस बजावले होते.

मग ते आपापल्या घरी पांगले. नेवाडातील 'स्मोकी' नावाचा स्फोट ३१ ऑगस्ट १९५७ रोजी झाला. सुमारे वीस वर्षांनी, तेथे हजर असलेल्या एका शिपायास रक्ताचा कर्करोग झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा सरकारी आरोग्यखात्याने बाकीच्यांचा शोध आरंभिला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे ३,२२४ जणांत या रोगाचे ९ रोगी निघाले. साधारण हिशेबाने साडेतीन निघावयाचे. एवढ्याशा संख्येवरून मोठे अनुमान काढू नये हे खरे. पण आजारी असतो तो स्वतःहून येतो, धडधाकट येत नाही, व मेलेला तर येऊच शकत नाही. म्हणून केवळ आलेल्यांस मोजून सत्य हाती लागत नाही. न आलेल्यांच्या दारी जावेच लागते.

दप्तरात पहावे, तर १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईनजीकच्या दप्तरखान्यास आग लागली होती. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांची सुमारे ८० टक्के कागदपत्रे तीत जळाली. १९७८ साली लष्करी खात्याने हजर असलेल्यांची नावे जुळविण्याचे काम हाती घेतले, व त्यांनी कळवावे म्हणून बिनखर्चाचा टेलिफोन ठेविला. हे चांगलेच झाले. परंतु गुप्ततेच्या बंधनातून त्यांस कायद्याने मोकळे केले ते १९९६ साली! ज्यास गप्प बसविले, त्याच्या गप्प बसण्यास 'तक्रार नाही' असे कसे म्हणावे? शब्द पाळणारा मनुष्यच येथे मागे राहिला.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यास सुखाने राहू द्या. दारी जाऊन भीती का घालावी? आम्हांसही हे क्षणभर पटले. पण १९८८ च्या कायद्याने, ठरविलेल्या १३ प्रकारांपैकी कर्करोग झाल्यास किती किरण लागले हे शिपायाने सिद्ध करण्याची गरज उरली नाही; तो तेथे हजर होता एवढे पुरे. तो मेला असल्यास विधवेसही हक्क आहे. हे त्यांजपासून लपवून ठेवण्यास दया म्हणावयास आमची जीभ धजत नाही. नवऱ्याने शब्द पाळला असेल, तर तो कोठे उभा होता हे त्या विधवेस ठाऊकच नाही. ती कोणत्या खात्यास पत्र लिहील, आणि त्यात काय लिहील?